जिनातले हात

आमच्या रत्नागिरीत कापूस पाहायचा म्हणजे उशीत, गादीत, नाहीतर दवाखान्यात. झाडावरचा कापूस मी साठी उलटल्यावर पाहिला, तोही जीपमधून, एका तेलकट पट्ट्याच्या शोधात जाताना. त्या पट्ट्यापर्यंत मी कसा पोचलो हे सांगायचं तर सुलोचनापासून सुरुवात करावी लागेल.

सुलोचना माझी पत्नी. माहेर हिंगोलीचं. सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि तिला रत्नागिरी मिळाली. मी तिथल्या कॉलेजात ग्रंथपाल. तिची आई गयाबाई हिंगोलीच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, कामाला होती. आमच्या लग्नाआधीच त्या गेल्या, त्यामुळे मी त्यांना पाहिलं नाही. पण त्यांचे हात मात्र मी ओळखायचो. जिनात यंत्रांचा आवाज इतका, की शेजारणीशी बोलायचं तर खुणांनीच. भाकरी पोचवायला जाणाऱ्या लहान सुलोचनाने त्या खुणा उचलल्या आणि पुढे संसारात आणल्या. माझ्या ग्रंथालयात ती यायची तेव्हा दारातूनच हाताने काहीतरी सांगायची, आणि मी टेबलामागून उत्तर द्यायचो. कानठळ्यांसाठी जन्मलेली ती भाषा माझ्याकडे शांततेसाठी कामाला आली. सगळ्या खुणा मला येत होत्या असं नाही. पुष्कळशा मी अंदाजाने चालवल्या.

गेल्या पावसाळ्यात सुलोचना गेली. शेवटच्या दिवशी दुपारी तिच्या तोंडावर मास्क होता, एका हाताला सलाईन. मोकळ्या हाताने तिने आपला एक खांदा थोपटला, मग दुसरा थोपटला, आणि बोटं दाराकडे उडवली. मला वाटलं, खांदे दुखतायत. मी खांदे चेपले. ती मास्कच्या आत हसली. मास्कवर वाफ आली. तिने पुन्हा तेच केलं. मी शाल पांघरली. तिसऱ्यांदा मी जाऊन दार लावून घेतलं, वारा येत असेल म्हणून. तिने मान हलवली आणि हसत हसतच डोळे मिटले. संध्याकाळी ती गेली.

नंतरचं सगळं पार पडलं. माणसं आली, गेली. एवढी एक गोष्ट मात्र माझ्याकडे तशीच पडून होती. ती मला काय सांगत होती?

थंडीत मनीषाचा निरोप आला. मनीषा सुलोचनाच्या भावाची मुलगी, हिंगोलीला शाळेत शिकवते. "मामा, आमच्याकडं जुने कारखाने लोकांसाठी उघडून राहिलेत. सगळ्या गावात कार्यक्रम आहे. आजीचं जिन पण उघडणार. तिथल्या जुन्या बाया येणारेत. तुमी या." आमच्याकडे तिने मला काका म्हटलं असतं. तिकडे आत्याचा नवरा मामा होतो, आणि मामाला नाही म्हणता येत नाही. मी निघालो.

हिंगोली

रत्नागिरीहून हिंगोली लांब आहे, एवढं सांगून रस्त्याचं पुरे करतो. मनीषा स्टेशनवर आली होती, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला, हातात माझ्यासाठी मफलर. "मामा, इथं तुमच्यासारखी हवा न्हाई. कान झाका."

उत्सव स्टेशनपासूनच सुरू होत होता. वाफेच्या इंजिनांना पाणी पाजणारी जुनी लोखंडी टाकी झेंडूच्या माळांनी मढवली होती. एखाद्या म्हाताऱ्या पैलवानाला फेटा बांधून बसवावं तशी ती दिसत होती. खाली ताशा वाजत होता. पुढे तेलगिरणीत लाकडी घाणा फिरत होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला भाकरीच्या तुकड्यावर ताजं करडईचं तेल, वर मीठ आणि तिखट मिळत होतं. मी खोबरेल तेलावर वाढलेला माणूस. पण तो तुकडा खाऊन मी मागच्या दाराने पुन्हा रांगेत उभा राहिलो हे मनीषाने पाहिलं. बर्फाच्या कारखान्यात मुलं लादीवर अनवाणी उभं राहण्याची पैज लावत होती आणि त्यांच्या आया बाहेरून ओरडत होत्या. 

मी जास्त वेळ रमलो तो छापखान्यात. पायाने चालवायचं यंत्र, अक्षरांच्या खिळ्यांचे खण, शाईचा वास. तिथे ज्याचं त्याचं नाव जुळवून कार्डावर छापून देत होते. पुढची पोरंसोरं आपापली नावं सांगत होती. माझी पाळी आली तेव्हा मी "सुलोचना" म्हणालो. जुळारी चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमचं नाव?"

"घरच्यांचं."

"त्या काहून न्हाई आल्या?"

मी खिळ्यांच्या खणांकडे बघू लागलो. त्यांनी एकदा मनीषाकडे पाहिलं, मग खाली मान घालून खिळे वेचले आणि ते कार्ड जरा जास्तच काळजीने छापलं.

हे सगळं पाहताना मला आमच्याकडचं आठवत होतं. आमच्याकडे गिरणी बंद पडली की तिची जागा विकतात आणि लोक नावही विसरतात. इथे बंद पडलेल्या यंत्रापुढे नारळ फोडून लोक त्याच्याशी बोलत होते. एक आजोबा घाण्याला म्हणाले, "काय बाबा, बरा हाईस ना?"

जिन गावाच्या कडेला होतं. लाल विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, आवारात मोठा कडुनिंब. आम्ही फाटकातून आत शिरायला आणि आतून फाडकन आवाज यायला एकच गाठ पडली. मागोमाग एक माणूस बाहेर आला. साठीचा, अंगावर निळा शर्ट, हातात तुटलेल्या पट्ट्याचं टोक. हे रज्जाकभाई, या जिनाचे जुने फिटर. महिनाभर खपून त्यांनी सहा रेचे नीट केले होते. रेचा म्हणजे ज्यात कापूस घातला की रुई पुढे येते आणि सरकी खाली पडते ते यंत्र. हे सगळे रेचे एकाच लांब दांड्यावर चालतात, आणि त्या दांड्याला फिरवतो तो मोठा पट्टा.

"पट्टा खल्लास," रज्जाकभाई म्हणाले. "जुना माल होता. वाळून पापड झाला होता."

समारोपाला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, रेचे सगळ्या गावासमोर चालवायचे ठरले होते. मनीषाचा चेहरा उतरला. मला मात्र तेव्हा त्याचं विशेष काही वाटलं नाही. मी यंत्र बघायला आलो नव्हतो. मला त्या बायांना भेटायचं होतं.

त्या कडुनिंबाखाली बसल्या होत्या. दहाबारा जणी, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, उत्सवासाठी ठेवणीतली लुगडी नेसून. मनीषाने माझी ओळख करून दिली आणि एकदम गलका झाला.

"गयाबाईचा जावाई! अगं बया, गयाबाईचा जावाई!"

मधोमध बसलेल्या उंच बाईंनी मला हात धरून बाजेवर बसवलं. त्या केवळाबाई. "जय भीम, जावाईबापू. गयाबाई माह्या शेजारच्या रेच्यावर होती. सुली गेली म्हणून कळलं." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लेकरू होती तवा सरकीच्या ढिगावर झोपायची. कानाशी येवढा गोंगाट, अन् ही घोरायची."

"घरीही घोरायची," मी म्हणालो, आणि कितीतरी महिन्यांत मी पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलताना हसलो.

केवळाबाईंच्या पलीकडे धुरपताबाई होत्या. तांड्यावरच्या, बारीक अंगाच्या, जिभेला धार. त्या म्हणाल्या, "सुलीनं इतक्या लांबचा नवरा केला. तिकडं तुमी मासे खाता म्हणं. कापूस न्हाई, ज्वारी न्हाई. जगता कशावर?"

मी म्हणालो, "आता तुम्ही काय द्याल त्यावर."

एवढ्यावर मला त्यांनी आपल्यात घेतलं. मग मी मुद्द्यावर आलो. सुलोचनाच्या काही खुणा मला विचारायच्या आहेत, असं म्हणालो. आधी सोपी काढली. ती लग्नकार्यात, कधी घरातसुद्धा, वरच्या ओठावरून दोन बोटं फिरवायची. मी ते करून दाखवलं.

क्षणात सगळ्या बाया ताठ झाल्या. पदर सावरले, माना खाली, हात पुढे. मग एकमेकींकडे बघून त्या जे हसू लागल्या ते थांबेनात.

"मुकादम!" केवळाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मुकादम आला, गप कामाला लागा! त्याला या येवढ्या मिशा होत्या. जावाई, सुली ही खूण कवा करायची?"

मी आठवू लागलो. आमचे प्राचार्य घरी आले तेव्हा. भाडेकरूंच्या सासूबाई आल्या तेव्हा. आणि माझी थोरली बहीण, आक्का, फाटकातून आत येताना दिसली की हमखास.

"आणि तुमी काय करायचे?" धुरपताबाईंनी विचारलं.

मला खरं सांगावं लागलं. मला वाटायचं, माझ्या मिशीला काहीतरी लागलंय. मी रुमाल काढून मिशी पुसायचो. सगळा संसारभर पुसली.

कडुनिंबावरचे पक्षी उडाले इतक्या त्या हसल्या. मनीषा तर खाली बसली. मीही हसत होतो, आणि मनात सुलोचनाला म्हणत होतो, अगं, एकदा तरी सांगायचं.

मग मी शेवटची खूण काढली. ती कधीची, हेही सांगितलं. बाया पुढे सरकल्या. मी उभा राहून नीट, सावकाश दाखवलं: दोन्ही हातांनी दोन्ही खांदे थोपटले आणि मग हात दाराकडे नेले.

त्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"रुईची गठाण उचला म्हणते," एकजण म्हणाली. "हमालाला सांगायचे तसं."

"दवाखान्यात कशाची गठाण? खांदे भरून आले म्हणली आसंल."

"न्हाई, मग हसली काहून?" केवळाबाईंनी मला पुन्हा करायला लावलं. पुन्हा बघून मान हलवली. "असं न्हाई काही आमच्यात. आसंल तर इथं बसून याद येत न्हाई, जावाई. त्या गोष्टी डोक्यात न्हाईत, हातात हाईत. रेचा चालू झाला, कानात आवाज भरला, की हात आपसूक बोलतेत. रेचा चालू होऊ द्या."

मी आवाराच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. रज्जाकभाई तुटका पट्टा मांडीवर घेऊन बसले होते. आता तो पट्टा माझाही प्रश्न झाला होता.

गोरेगाव

"सेनगावाच्या पुढं, गोरेगावात एका जुन्या गिरणीत पट्टा पडलेला हाय," रज्जाकभाई दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले. "इंजिनावर चालायची तवाचा. मिळाला तर बराबर बसंल."

मी म्हणालो, मी येतो. ते माझ्या पांढऱ्या झब्ब्याकडे बघून म्हणाले, "सर, तकलीफ होईल." पण प्रवासी जीपमध्ये जागा करून दिली.

सेनगाव मागे पडलं आणि शेतं उघडी झाली. आमची माती लाल, चढउताराची; दहा पावलांवर झाडी नजर अडवते. इथे काळी जमीन आभाळाला टेकेपर्यंत पसरलेली. कापलेल्या तुरीचे ढीग, हिरवा हरभरा, आणि मधेच शेवटच्या वेचणीला राहिलेला कापूस. वाळलेल्या बोंडांतून पांढरे पुंजके लोंबत होते. मी जीप थांबवायला सांगून एक बोंड तोडलं. आतली सरकी बोटांना लागली. बाकीच्या प्रवाशांना मोठी गंमत वाटली. एकजण म्हणाला, "बाबा, कापूस कदी पाह्यला न्हाई का?" मी नाही म्हणालो. त्याने मग पिशवीतून मूठभर कापूस काढून मला दिला, जसा आपण पाहुण्याला प्रसाद देतो.

गोरेगावात गिरणीवाले आप्पा बाजेवर ऊन खात बसले होते. रज्जाकभाईंनी काम सांगितलं. आप्पा म्हणाले, "पट्टा हाय. न्या. पण तिथं आधी एक बाळंतीण हाय, तिची सोय लावा."

अंधाऱ्या कोपऱ्यात पट्ट्याचं मोठं वेटोळं होतं आणि त्याच्या मधोमध एक करडी मांजर चार पिल्लांना घेऊन झोपली होती. तिने आमच्याकडे असं पाहिलं की रज्जाकभाई, ज्यांनी जन्मभर चालत्या यंत्रात हात घातले, ते दोन पावलं मागे सरले.

"हे आपलं काम न्हाई," ते म्हणाले. "सर, तुमी शिकलेले. तुमी समजावा."

शेवटी आप्पांनी टोपली आणली. टोपलीत मऊ काहीतरी हवं होतं. रत्नागिरीत कधी लागत नाही म्हणून मी मुद्दाम या प्रवासासाठी घेतलेला नवा स्वेटर अंगावर होता. तो काढून दिला. दुधाची वाटी दाखवून आईला बाहेर नेलं, आणि मी एकेक पिल्लू उचलून स्वेटरवर ठेवलं. मांजर परत आली, तिने टोपलीत शिरून स्वेटर पायांनी मळला आणि जागा पसंत असल्यासारखी वेटोळं करून बसली.

"स्वेटर आता गेला," आप्पा म्हणाले. "चला, भजे खाऊ."

चौकातल्या हॉटेलात मिरचीची भजी आली. आमच्याकडे मिरची भज्याला चव यावी म्हणून घालतात. इथे मिरची हेच भजं. मी पहिल्या घासालाच पाणी मागितलं. आप्पांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "तिखटावर गरम चहा प्यायचा. एकानं दुसऱ्याला मारायचं." खरंच मरतं. फक्त मधे थोडा वेळ आपणही मरतो.

परतताना जीपच्या टपावर जागा नव्हती, म्हणून पट्ट्याचं वेटोळं माझ्या मांडीवर आलं. झब्बा काळा झाला. सूर्य कलल्यावर थंडी वाजू लागली, तर पट्टाच छातीशी धरून बसलो. त्याला अजून मांजराची ऊब होती. सेनगावला चढलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे काय घेऊन राहिले?" मी म्हणालो, "जिनाचा पट्टा." त्या म्हणाल्या, "माही माय होती जिनात," आणि हिंगोली येईपर्यंत पट्ट्यावर एक हात ठेवून बसल्या.

रेचा

तिसऱ्या दिवशी सगळं गाव जिनात होतं. आवारात भाकरी थापायला चुली पेटल्या होत्या, कारण जेवण तिथेच होतं: ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यमसाल्याचं पीठ. ते दरवर्षी हिंगोलीहून आमच्या घरी डब्यातून यायचं, आणि सुलोचना ती आमटी केली की शेजारपाजाऱ्यांना वास पुरायचा. चुलीजवळून जाताना मी जरा भराभर चाललो.

मनीषा फाटकाशी होती. लोकांना रांगेने सोडणं, लहान मुलांना यंत्रापासून लांब ठेवणं, कोणी हरवलं की पुकारणं. सकाळपासून ती तिथून हलली नव्हती.

आत सहा रेच्यांमागे सहा बाया उभ्या राहिल्या. पदर खोचलेले, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेले. केवळाबाई आणि धुरपताबाई शेजारी शेजारी. रज्जाकभाईंनी पट्ट्याला नवी सांधणी करून तो चाकावर चढवला होता. त्यांनी बटण दाबलं. दांडा फिरला, रेचे एकदा खडखडले, आणि पट्टा सटकून खाली पडला.

लोकांतून "अरेरे" उठलं.

"लाडावलाय तो," धुरपताबाई ओरडल्या. "जावायाच्या मांडीवर बसून आला ना! आता काम कशाला करतोय?"

लोक हसले. रज्जाकभाई हसले नाहीत. त्यांनी पकड यावी म्हणून पट्ट्याच्या आतल्या अंगाला राळ चोळली, पुन्हा चढवला, तळहाताने ताण पाहिला, आणि कुणाकडे न बघता बटण दाबलं.

या वेळी तो धरला.

आवाजाबद्दल मी वाचलं होतं, ऐकलं होतं. तरी तो अंगावर आला तेव्हा मी भिंतीला हात टेकला. तो कानांनी ऐकायचा आवाज नव्हताच. तो दातांत, बरगड्यांत वाजत होता. पत्रे थरथरू लागले. बायांचे हात कापसाच्या ढिगात गेले आणि रेच्याच्या तोंडाशी आले, गेले आणि आले, आणि पुढच्या बाजूने रुई उतरू लागली, पांढरी, हलकी, साय धरावी तशी. हवेत तंतू तरंगले. बघणाऱ्यांच्या केसांवर, भुवयांवर ते बसले आणि सगळी गर्दी बघता बघता म्हातारी झाली. लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या.

आणि बायांचे हात बोलू लागले. सुरुवातीला थोडे अडखळत, मग सरसर. कोणी नाकाला हात लावला, कोणी कोपर हलवलं, आणि पलीकडची हसली. कोणी पाहुणे आत आले तर दोन बोटं ओठावरून फिरली, आणि सगळ्या ताठ. माझा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. सवय.

मी बघत होतो. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एकही खूण दोन हातांची नव्हती. एक हात कायम कापसात. बोलायला उरायचा तो एकच.

बाहेर चुलीवरून भाकरीचा वास आला. केवळाबाईंनी धुरपताबाईंकडे पाहिलं. डावा हात कापसात तसाच ठेवून त्यांनी उजव्या हाताने आपला उजवा खांदा थोपटला, मग तोच हात छातीवरून पलीकडे नेऊन डावा खांदा थोपटला, आणि बोटं दाराकडे उडवली.

धुरपताबाईंनी मान डोलावली. आपल्या रेच्यापासून बाजूला झाल्या, रुमाल सोडला आणि चुलीकडे चालू लागल्या. केवळाबाई एक पाऊल सरकून दोन रेच्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. आता एक हात या रेच्यात कापूस घालत होता, एक त्या.

मी धुरपताबाईंच्या मागे बाहेर आलो. आवाज जरा कमी झाल्यावर विचारलं, "त्या काय म्हणाल्या तुम्हाला? आत्ता, खांदे थोपटून?"

"ते व्हय? ते रोजचंच," त्या भाकरी घेत म्हणाल्या. "दोन्ही रेचे माह्याकडं, तू जा, जेवून घे. भाकरीच्या टायमाला तेच म्हणायचो एकमेकीला." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा भाकरीचा हात थांबला. "आगं बया. जावाई, सुली हेच म्हणली का?"

मी हो म्हणालो.

"मग कालपरवा दोन्ही हातांनी काहून करून दाखवलं? जिनात दोन्ही हात कुणाचे मोकळे असतेत?"

मी सांगितलं, मला वाटलं एका हाताला सलाईन आहे म्हणून ती अर्धीच करतेय. मी ती पूर्ण करून दाखवली.

"शिकलेला माणूस," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज बदलून विचारलं, "त्या दिवशी जेवले नव्हते का तुमी?"

नव्हतो जेवलो. आदल्या रात्रीपासून. तिच्या उशापासून हललोच नव्हतो.

"मग आता बसा," धुरपताबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला खाली बसवलं, ताटलीत दोन भाकरी ठेवल्या, भाजी वाढली, आणि आमटीची वाटी काठोकाठ भरली. "तिनं तवाच सांगितलं. तुमी उशीर केला. आता खा."

मी खाल्लं. येसराच्या आमटीत भाकरी चुरली. तिसरी भाकरी मी मागून घेतली. धुरपताबाई समोर बसून बघत होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "जावाई हाय आमचा. मासे सोडून जेवतोय बगा."

हात धुऊन मी उठलो तेव्हा रेचे चालूच होते. आवाराच्या त्या टोकाला, फाटकाशी, मनीषा गर्दीत उभी होती. ओठ सुकलेले, बिल्ला वाकडा झालेला. मी हाक मारली. माझी मलाच ऐकू आली नाही. मग मी हात उचलला. एकच. एक खांदा थोपटला, दुसरा थोपटला, बोटं चुलीकडे उडवली.

ती माझ्याकडे बघतच राहिली. कळलं नाही तिला. मी पुन्हा केलं. तिला वाटलं, मला थंडी वाजतेय. ती गळ्यातली ओढणी काढू लागली.

जिनाच्या उघड्या दारातून बायांनी हे पाहिलं. केवळाबाई हसल्या. त्यांनी खांदे थोपटले, बोटं उडवली. मग पलीकडचीने. मग त्या पलीकडचीने. एक हात कापसात आणि एक हात खांद्यांवर, ओळीने सगळ्या माझ्या भाचीला जेवायला पाठवत होत्या.

मनीषाला आता कळलं. तिने हसत बिल्ला काढला, माझ्या तेलकट झब्ब्याला लावला आणि चुलीकडे धावली. मी फाटकात उभा राहिलो. मुलांचा एक घोळका ढकलाढकली करत आला. मी त्यांना रांगेने आत सोडू लागलो.